कुंकवाखालचा नंबर

जोमादादा माझ्याकडे सरळ कधी आलेच नाहीत. माझ्या टायपिंगच्या वर्गासमोर टांग्यांचा अड्डा होता. आधी ते तिथे थांबायचे, प्रत्येक घोड्याच्या तोंडाकडे निरखून बघायचे आणि टांगेवाल्याला विचारायचे, "पानी दावलास?" टांगेवाला हो म्हणाला तरी त्यांचं समाधान होत नसे. घोड्याचा ओठ वर करून अंगठ्याने हिरडी दाबून बघत आणि मगच पुढे सरकत. एकदा एका टांगेवाल्याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "ए बाबा, घोडा तुझा का माझा?"

"घोडा तुझा," जोमादादा शांतपणे म्हणाले, "तहान त्याची."

हे सगळं उरकेपर्यंत मी आत बसून चरफडत असे. मला तेव्हा वाटायचं, हा म्हातारा माझा वेळ खायलाच विचुंब्याहून तंगडतोड करत येतो. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पनवेलच्या कापडबाजाराच्या तोंडाशी भाड्याची खोली, दोन यंत्रं आणि इंग्रजी येत असल्याचा माज, एवढं माझं भांडवल होतं. दिवसा टायपिंग शिकवायचं आणि मधल्या वेळात लोकांचे इंग्रजी अर्ज ठोकून द्यायचे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, पण कचेऱ्यांना अजून इंग्रजीच गोड लागायचं.

गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, पायात टायरच्या वहाणा. डाव्या वहाणेच्या पुढच्या टोकाला चिंधी कोंबलेली असायची, कारण त्या पायाची दोन बोटं नव्हती. चालताना उजवा हात अंगापासून जरासा दूर आणि मूठ अर्धवट मिटलेली. बाजारातले लोक हसायचे. मीही हसलो होतो. मग एकदा त्यांनीच सांगितलं की खेचर नेताना माणूस नेहमी त्याच्या डाव्या अंगाला चालतो आणि लगाम उजव्या हातात असतो. "चार वरसां तसाच चाललो. आता हात ऐकत नाय," ते म्हणाले.

जोमा पदू भोईर. जातीने आगरी, विचुंब्याला खंडाने केलेला भाताचा तुकडा, बैलाची एक जोडी, बायको हिरूबाय आणि उरणकडे दिलेली एक मुलगी. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं त्या सुमाराला हे पलटणीत गेले. देशासाठी नाही आणि राजासाठीही नाही. बापाने त्यांना न विचारता घरच्या गायीचा पाडा विकला म्हणून रागाने गेले. भरतीवाल्याने विचारलं, तुला काय येतं? हे म्हणाले, जनावर कळतं. त्याने खेचरांच्या तुकडीत घातलं आणि आगगाडीत बसवून थेट वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानच्या डोंगरांत नेऊन सोडलं. महायुद्ध थांबलं, पण तिथली लढाई चालूच राहिली. डोंगराच्या माथ्यावर गोऱ्यांच्या नि शिखांच्या चौक्या असत आणि त्यांना पाणी, दारूगोळा, पीठ खेचरांवरून पोचवायचं काम या लोकांचं. हातात बंदूक असायची, पण ती वापरायला हात मोकळे कुठे?

"गोली सगल्यांत आदी पान्यावाल्याला," जोमादादा सांगत. "वरचा मानूस मारला तर दुसरा येतं. पानी मारला तर सगलीच खाली येतान."

ही गोष्ट त्यांनी अख्ख्या पनवेलीला सांगितली होती. वडाळे तळ्याच्या काठी बसलेल्या म्हाताऱ्यांना, भाताच्या गिरणीत, कचेरीच्या व्हरांड्यात. लोक त्यांना 'हद्दीवाले' म्हणत. कोणी कर्नाळ्याकडे बोट दाखवून, "काय हद्दीवाले, तिकडचे डोंगर याच्याएवढे होते का?" असं चिडवलं की ते कर्नाळ्याकडे मान वर करून बघत आणि म्हणत, "ह्याला डोंगुर बोलू नको. ह्याला वायीट वाटंल, पन बोलू नको."

त्यांना पेन्शन हवी होती. कोणीतरी सांगितलं होतं की जुन्या लढाईतल्या जायबंदी शिपायांना मिळते. तेव्हापासून दोन वर्षं ते अर्ज करत होते. कचेरीतल्या अर्जनविसाने लिहिलेले मराठी अर्ज जसेच्या तसे परत आले, म्हणून स्वारी माझ्याकडे.

पहिला अर्ज मी त्यांच्यादेखत ठोकला आणि सही, म्हणजे अंगठा, मागितला. त्यांनी तो वाचून दाखवायला सांगितलं. मी मराठीत सांगू लागलो, "हा गरीब अर्जदार आपल्या पायाशी लीन होऊन—"

"थांबा. कोनाच्या पायाशी?"

"तसं लिहायची पद्धत असते हो दादा."

"मी कोनाच्या पायाशी नाय. माझाच पाय गेलाय, दोन बोटां. आता लिवा, जोमा पदू भोईर खेचरवाला हजर हाय. त्याचा काय करायचा ता करा."

मी कागद फाडला आणि पुन्हा घातला. आता बोटांची पाळी आली. मी सुचवलं की बोटं शत्रूच्या गोळीने गेली असं लिहिलेलं बरं, जरा वजन येतं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला खुर्चीत बसवेना.

"गोली नाय लागली, मास्तर. बरफ लागला. बरफाचा नाव लिवा."

खरा प्रकार असा झाला होता. त्यांच्या खेचराचं नाव गंगी. एका थंडीत ती आजारी पडली. वरच्या चौकीवर अडकून पडले असताना जोमादादांनी स्वतःच्या पायाच्या पट्ट्या सोडून तिच्या पायांना गुंडाळल्या आणि घोंगडी तिच्या पाठीवर टाकली. गंगी वाचली आणि यांची दोन बोटं काळी पडून गेली. हे सगळं अर्जात लिहावं असा त्यांचा आग्रह होता. मी म्हटलं, "सरकार म्हणेल, खेचरासाठी बोटं घालवली तर सरकारने का द्यावं?" ते म्हणाले, "खेचर सरकारचा व्हता." मी तसंच लिहिलं.

त्यांच्या या सरहद्दीवर माझा मनातून फारसा विश्वास नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. माणूस म्हातारा झाला की चार वर्षांची चाळीस करतो. पण एका मंगळवारी बाजारात हिंग विकणारा पठाण आला. उंच, दाढी रंगवलेली, खांद्यावर हिंगाची पिशवी. अशा पठाणांची पनवेलीला धास्ती होती, कारण हिंगाबरोबर व्याजाचा धंदाही त्यांच्यातले काही करायचे. बायका दारं लावून घेत. जोमादादा नेमके टांग्यांच्या अड्ड्यावर होते. त्यांनी पठाणाला बघितलं, त्याच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "स्तडे मा शे."

पठाणाने पिशवी खाली ठेवली. नंतर जोमादादांनीच अर्थ सांगितला, थकू नकोस. तिकडे वाटेत भेटलेल्या माणसाला असंच म्हणतात. मग दोघं चहाच्या दुकानाच्या बाकावर बसले. मोडकी हिंदुस्तानी, त्यात त्याची पश्तू आणि यांची आगरी. मी माझ्या दारात उभा राहून ऐकत होतो. नदीचं नाव निघालं, एका किल्ल्याचं निघालं, एका झऱ्याचं निघालं. पठाण म्हणाला, त्या झऱ्याच्या वर आमच्या चुलत्याची मेंढरं असायची. जोमादादा म्हणाले, त्या झऱ्याचंच पाणी आम्ही वर न्यायचो आणि तिथूनच आमच्यावर गोळ्या यायच्या. पठाण दाढी कुरवाळत म्हणाला, "चाचा बहुत अच्छा निशानेबाज था." जोमादादा म्हणाले, "मेरेको नहीं लगा. उतना अच्छा नहीं था." दोघंही इतके हसले की दुकानदार बाहेर आला.

पठाण गेल्यावर मी विचारलं, "दादा, तो तुमचा दुश्मनच ना?"

"दुश्मन व्हता तवा व्हता," ते म्हणाले. "पन आख्ख्या पनवेलीत त्यो झरा बघितलेली दोनच मानसां. एक मी, एक त्यो."

त्या दिवसापासून मी त्यांच्या अर्जाकडे धंद्याचं काम म्हणून बघणं सोडलं. माझ्या स्वभावात एवढा बदल एका दिवसात झाला याचं मला स्वतःलाही नवल वाटलं.

पावसाळ्याच्या शेवटी सरकारी उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की अर्जदाराच्या तुकडीची जुनी दप्तरं फाळणीत पलीकडच्या देशात गेली आहेत. तरी अर्जदाराने आपला शिपाई क्रमांक कळवल्यास चौकशी करता येईल. मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंजे मी राकली ती हद बी तिकडंच गेली?"

"गेली."

"डोंगुर कुटं जात नाय, मास्तर. खालची मानसां नाव बदलतान." आणि लगेच, "नंबर हाय की. सुटलो तवा सरकारनं कागद दिला, त्याच्याव हाय."

मी उडालोच. दोन वर्षं अर्ज चालले आहेत आणि हा गृहस्थ आज सांगतो की कागद आहे. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "मग इतके दिवस आणला का नाहीत?"

"देवात असतंय त्यो," ते म्हणाले. "देवातली वस्तू कचेरीत कशी आनू?"

पुढच्या रविवारी सकाळी मी विचुंब्याला गेलो. घर म्हणजे कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं लखलखीत अंगण, एका कोपऱ्यात बैल. हिरूकाकी ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी येणार म्हणून तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण करून ठेवलं होतं. कागद बघायला आलोय म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. न्हाऊन आली होती तरी पुन्हा हात धुतले, देवापुढे नमस्कार केला आणि पितळेच्या ताटात घालून कागद बाहेर आणला.

मला आधी तो कागद आहे हेच कळेना. लालभडक, मध्ये मध्ये पिवळा, तेलाने काळवंडलेला आणि पापडासारखा कडक झालेला एक चौकोन ताटात होता. त्याच्या एका कोपऱ्याला तांदळाचे दाणे चिकटून वाळले होते.

जोमादादा पलटणीतून परत आले त्याच्या चौथ्या दिवशी दसरा होता. दसऱ्याला घरातली प्रत्येक कामाची वस्तू देवासमोर मांडायची, तिला हळद-कुंकू लावायचं, पाणी शिंपडायचं. भावाने नांगराचा फाळ ठेवला, बापाने कोयता, चुलत्याने मासे धरायचं जाळं. शिपायाने बंदूक ठेवायची, पण बंदूक सरकारने काढून घेतलेली. मग ह्यांच्या आईने सुनेला सांगितलं, त्याचा कागद ठेव. हिरूकाकीने कागद ठेवला. तेव्हापासून बत्तीस-तेहतीस दसरे झाले होते.

"येक दसरा चुकू दिला नाय," ती मला सांगत होती. "पोरीच्या टायमाला मी बालतीन व्हती, तवा शेजारनीच्या हातानं लावून घेतला. यांचा हत्यार हाय त्यो."

मी ताट उजेडाला धरलं. कडेला कुठेतरी छापलेल्या इंग्रजी अक्षरांच्या शेपट्या दिसत होत्या. जिथे हाताने लिहिलेलं नाव आणि नंबर असायला हवा तिथे सगळ्यांत जाड थर होता, कारण बोट नेहमी मधोमध टेकतं. मी तिला विचारून ओल्या फडक्याने एक कोपरा हलकेच पुसायला घेतला. तिने माझ्या हातातून फडकं घेतलं आणि म्हणाली, "मी लावलाय, मीच काडते." दोघं नवरा-बायको वाकून बघत होते. कुंकू सुटलं. त्याच्याबरोबर निळी शाईही सुटली आणि फडक्यावर जांभळट डाग पडला. खाली नुसता पिवळट कागद राहिला.

आणि तेव्हा मी जे बोललो ते आयुष्यात कोणाला बोललो नसतो तर बरं झालं असतं. चिडून नाही, हळहळीनेच बोललो, पण बोललो. म्हणालो, "अरेरे, काकी, नंबर गेला की हो. कुंकवानेच खाल्ला."

सवाष्ण बाईसमोर, तिच्या नवऱ्यादेखत, कुंकवाने नवऱ्याचं काही खाल्लं असं म्हणायला माझी जीभ कशी रेटली कोण जाणे. तिने फडकं दुमडून बाजूला ठेवलं आणि मला जेवायला वाढलं. वाढताना मात्र तिने एकदाही वर बघितलं नाही.

दसरा झाल्यावर जोमादादा आले. त्या दिवशी त्यांनी टांग्याच्या घोड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आत आले आणि मी खुर्ची पुढे केली तरी उभेच राहिले.

"मास्तर, यंदा तिनं दसरा नाय केला," ते म्हणाले. "फाल नाय, कोयता नाय. बोलली, माझा हात लावला की तुमचा कायतरी जातंय. बैलांच्या शिंगांना बी मीच लावला कुकू. घरात दिवसभर बोलत नाय. पयली कशी सारकी बडबडायची."

मी मान खाली घातली. म्हटलं, "दादा, चूक माझी आहे. मी बोलायला नको होतं."

"बोलला ता बोलला. आता परत गिलता येतं का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं. "येक करा. सरकारला इचारा. पेन्शन देवू द्या नाय तर नको देवू द्या. पन त्यो कागद नीट असता तर दिली असती का, तेवढाच इचारा. तिच्या कुकवानं घालवली का दुसऱ्या कशानं, ता मना कललाच पायजे."

आता हे सरकारी इंग्रजीत कसं लिहायचं? पण नंबरच नाही तर सरकार शोधणार तरी काय? मी त्यांना खोदून खोदून विचारलं. एखादा आकडा तरी आठवतो का? सुरुवातीचा? शेवटचा? हजेरीला दररोज पुकारत असतील ना?

"माझा नंबर कोन पुकारतंय," ते म्हणाले. "आमाला खेचराच्या नंबरानं बोलवत. आठशे येकोनचालीस, पानी भर. आठशे येकोनचालीस, वर जा. गंगीच्या खुरावर डागला व्हता. मना माझा नंबर कवाच पाठ नव्हता. तिचा हाय."

मी हसलो आणि मग थबकलो. खेचराची नोंद तर असणारच. खेचर मेलं, लंगडलं, बदललं की त्याचा कागद होणार आणि त्या कागदावर ते कोणाच्या ताब्यात होतं त्याचं नाव असणार. शिपायापेक्षा खेचराची किंमत सरकारला जास्त, हे एवढ्या वर्षांत अर्ज ठोकून मला समजलं होतं. मी तुकडीचं नाव, साल, चौकीचं ठिकाण आणि खेचर क्रमांक आठशे एकोणचाळीस असं सगळं लिहिलं. तिच्यावर टाकलेली घोंगडी, पायाच्या पट्ट्या, सगळं. अगदी शेवटी विचारलं की अर्जदाराचा मूळ दाखला खराब झाला आहे, तर तो असता किंवा नसता याने निर्णयात काही फरक पडतो का, हे कृपया स्पष्ट कळवावं. अर्ज वाचून दाखवला तेव्हा जोमादादा म्हणाले, "हां. आता नीट मानसासारका इचारलाव."

त्यानंतर सव्वा वर्ष गेलं. मधल्या काळात मी चार स्मरणपत्रं पाठवली. जोमादादा येत, उभे राहत, मी मान हलवत असे आणि ते जात. एका फेरीत मी काकींची चौकशी केली. "हाय," एवढंच म्हणाले. मला रात्रंदिवस तो जांभळट डाग दिसत असे असं म्हणणार नाही, माणूस इतका चांगला नसतो. पण कुठे लग्नात कुंकवाचा करंडा समोर आला की माझा हात आखडायचा.

उत्तर आलं ते माघ महिन्यात. लांबलचक लखोटा, आत तीन पानं. मी एकट्याने वाचून काढलं आणि पुन्हा लखोट्यात घातलं. जोमादादा दोन दिवसांनी आले.

"दादा, बसा."

"हुबाच बरा हाय. वाचा."

"त्यांना नोंद सापडली. खेचरांची दप्तरं इकडेच राहिली होती, त्यांतल्या गंगीच्या नंबरावरून. तुमचं नाव, बापाचं नाव, विचुंबे, तालुका पनवेल, सगळं आहे. तुमचा नंबरही आहे. बोटांचंसुद्धा आहे."

"कागदाबगर सापडला?"

"कागदाशिवाय. मूळ दाखला नसल्याने काही अडलेलं नाही, असं वेगळं कलम घालून लिहिलंय."

"आनि पेन्शन?"

मी पान उलटलं, उगाचच. "नाही मिळत, दादा. त्याला पंधरा वर्षांची नोकरी लागते. तुमची चार वर्षं दोन महिने भरली. आणि दोन बोटांचं नुकसान जायबंदी धरण्याइतकं नाही, असं तेव्हाच्याच डॉक्टरने लिहून ठेवलंय. हे शेवटचं. आता पुढे अर्ज नाही."

ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. पण त्यांनी सावकाश विचारलं, "मंजे कागद कोरा करकरीत असता, नंबर ठसठशीत असता, तरी नसती मिलाली?"

"नसती."

"पयल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून तुमचा हक्कच बसत नव्हता."

जोमादादांचा चेहरा उजळत गेला. मी तो उजळताना बघत होतो आणि मला रडू येत होतं. इतक्या वर्षांच्या खेपा, अर्ज, अंगठे, सगळं मातीत गेलं होतं आणि हा माणूस आनंदाने हात चोळत होता.

"चला," ते म्हणाले. "वर्ग बंद करा. तुमच्याच तोंडानं सांगा तिला. मी सांगितला तर बोलंल, माझा मन राकाला सांगतोव."

मी यंत्रांवर खोळी घातल्या, शिकणाऱ्यांना सुट्टी दिली आणि निघालो. गाढी नदीच्या काठाने चालताना ते माझ्यापुढे चार पावलं होते आणि दोन बोटं नसलेल्या पायाने असं चालता येतं यावर माझा विश्वास बसत नव्हता.

हिरूकाकी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आधीपेक्षा वाळलेली. मला बघून उठू लागली. मी तिला बसवलं आणि समोरच मांडी घालून बसलो. इंग्रजी पत्र उघडून त्यातली ओळन् ओळ बोट ठेवून मराठीत सांगितली. नोंद सापडली. कागद लागलाच नाही. नंबर पुसला म्हणून काही बिघडलं नाही. पेन्शन मिळत नाही ती नोकरी कमी भरली म्हणून. मग म्हटलं, "काकी, मी त्या दिवशी बोललो ते खोटं होतं. अडाणीपणाने बोललो. तुमच्या कुंकवाने यांचं काही खाल्लं नाही. मला माफ करा."

तिने शेंग सोलायची थांबवली होती. माझ्याकडे, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे बघितलं. अक्षरओळख नसलेल्या माणसाची नजर कागदावर कशी फिरते ते मी हजारदा बघितलं आहे. तिची नजर एकाच जागी थांबली होती.

"माझ्यानं नाय गेली?" तिने विचारलं.

"नाही."

"किती वरसां पायजे व्हती?"

"पंधरा."

"आनि यांची?"

"चार."

ती मोजत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी आलं होतं. लग्न होऊन सासरी आलेली बारा-तेरा वर्षांची पोर, परक्या घरात, नवरा कुठल्या मुलखात आहे याचा पत्ता नाही, पत्र आलं तरी वाचणार कोण. या सगळ्याबद्दल जोमादादांनी मला इतक्या वर्षांत एक शब्द सांगितला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. सरहद्दीच्या गोष्टीत ही बाई कधी आलीच नव्हती.

"बरा झाला नाय दिली ती," हिरूकाकी म्हणाली. "चार कशी काडली ता माझा मना ठावं. पंधरा नसती निगाली माझ्यानं."

पनवेलीतल्या प्रत्येकाला सरहद्द ऐकवणारे जोमादादा बैलाजवळ जाऊन उभे राहिले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "चार नाय. चार वरसां, दोन मयने."

"मना नका सांगू," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. "ते दोन मयनेच सरत नव्हते."